बाईंची सासरची माणसं

आमच्या बाई रोज सकाळी घर गप्प करत. फ्रीज बंद, पंखा बंद, पाण्याची मोटर बंद. मागच्या आउटहाउसमध्ये भाड्यानं राहणारी मी. माझा मिक्सरही त्या वेळी बंद. दूधवाला फाटकाला पिशवी अडकवून मुकाट्यानं निघून जाई. मग बाई हॉलच्या मधोमध फरशीवर बसत, डोळे मिटत आणि ऐकत. घाटातून वर येणाऱ्या मालगाडीचा आवाज मध्येच आला, तर तो विरेपर्यंत थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकत.

त्या सशांचे श्वास ऐकत असत.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर बाईंचं बैठं घर होतं. पुढे ऐसपैस व्हरांडा, मागे अंगण आणि अंगणापलीकडे माझ्या दोन खोल्या. बँकेनं माझी बदली इथे केली, तेव्हा एका सहकाऱ्यानं हा पत्ता दिला. "जागा उत्तम आहे," तो म्हणाला. "बाई मात्र... तुम्हीच बघा." बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. सत्तरी ओलांडलेली, उंच, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. चालता चालता त्या मध्येच थांबत आणि जास्वंदीकडे किंवा समोरच्या डोंगराकडे टक लावून बघत. मला वाटायचं, गाण्यातलं माणूस, असं असणारच. त्यांना दमा आहे, आणि दम लागलेला कुणाला दिसू नये म्हणून त्या डोंगर बघतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ससे त्यांनी कधी विकत आणले नव्हते. लोक सुट्टीला बंगल्यावर येतात, मुलं हट्ट धरतात, मोठी माणसं बाजारातून ससा आणून देतात. सुट्टी संपली की सगळे गाडीत बसतात आणि ससा माळ्याकडे राहतो. माळी तो बाईंकडे आणून सोडतो. मी राहायला गेले तेव्हा घरात चौघे होते आणि त्यांची नावं होती मामंजी, भावजी, जाऊबाई आणि वन्सं. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं.

त्या सशांशी अहो-जाहो बोलत. "मामंजी, सरका जरा." "वन्सं, आज गवत टाकलंत, काय झालं?" आणि माणसांना, मग तो नगरसेवक असो की माझे बँकेचे मॅनेजर, सरसकट अरे-तुरे. या सगळ्याचा परिणाम असा की, शेजारपाजारच्या नव्या लोकांना बाईंच्या घरी एक भलं मोठं आजारी सासर राहतं असं वाटे. एकदा पलीकडच्या बंगल्यात नव्यानं आलेल्या काकू मुगाची गरम खिचडी घेऊन आल्या. "मामंजींना बरं नाही म्हणून ऐकलं. वयस्कर माणसाला हलकं बरं पडतं." बाईंनी डबा घेतला, आभार मानले आणि त्यांना आत नेऊन मामंजी दाखवले. मामंजी टोपलीत बसून कोथिंबीर चघळत होते. काकू पुन्हा आल्या नाहीत. खिचडी आम्ही दोघींनी खाल्ली. फार छान झाली होती.

ही नावं का, असं मी एकदा विचारलं होतं. बाई पालकाची पानं पुसत होत्या. म्हणाल्या, "माझी आई सासऱ्यांच्या नुसत्या खोकण्यावरून ओळखायची, चहा हवाय की पाणी. तोंडानं कुणी काही सांगायचं नाही आणि चुकलेलं चालायचं नाही. तशीच आहेत ही. सांगत नाहीत काही. ससा दुखणं लपवतो, कारण रानात आजारी दिसला की त्याला कुणीतरी उचलून नेतं. तुला दुखणं दिसायला लागलं म्हणजे समज, लपवायची ताकद संपली त्याची."

म्हणून त्या दिसायची वाट बघत नसत. ऐकून झालं की एकेकाला मांडीवर घेत आणि म्हणत, "हात दाखवा." पुढच्या पायांची आतली बाजू बोटांनी चाचपत. सशाचं नाक गळायला लागलं की तो ते पुढच्या पायांनी पुसतो. नाक तेवढ्यापुरतं स्वच्छ दिसतं, पण पायावरची लव चिकटून तिच्या गुठळ्या होतात. "नाक खोटं बोलतं, हात बोलत नाहीत," असं त्या म्हणायच्या. नंतर डोळ्यांच्या कडा, मग नाकपुड्या, मग दात. दातांची मुळं वाढूनही नाक आणि डोळे वाहतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. शेवटी दोन्ही तळवे सशाच्या कुशींवर ठेवून काही वेळ नुसत्या बसत. या बसण्यात कुणी बोललेलं चालत नसे. एकदा मी "बाई, गॅस संपलाय का हो?" असं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, त्या दिवशी मी बाहेरून वडापाव आणून खाल्ला.

त्यांच्या घरात उदबत्ती नव्हती, धूप नव्हता, डासांची कॉइल नव्हती, पावडर नव्हती. गणपती बसायचा, पण आरतीला कापूर नसायचा. "देवाला वर्षभर बाहेर मिळतो कापूर," त्या म्हणत. मी अत्तर लावून बँकेतून आले, तर फाटकापाशीच हाक यायची, "बाहेर उभी राहा. वारा लागू दे." मी रस्त्यावर वारा खात उभी राहायची आणि येणारेजाणारे सहानुभूतीनं बघायचे.

आणि ते वाकणं! त्या वयात, त्या दम्यात, बाई चारी हातापायांवर येऊन सशांच्या खोलीच्या फरशीला नाक टेकवत. मी म्हणाले, "बाई, मी बघितलंय, वास नाही येत." त्या तिथूनच म्हणाल्या, "तुझं नाक तुझ्या उंचीवर आहे. यांचं फरशीपासून चार बोटांवर. मुताचा उग्र दर्प आधी खाली साठतो, आणि तोच यांची नाकं जाळतो. ये, खाली ये." मी खाली वाकले. डोळ्यांना झोंबेल असा वास खरंच तिथे होता, गुडघ्याच्या उंचीवर मात्र त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवसापासून फरशी पुसायचं काम आम्ही वाटून घेतलं.

लोणावळ्याच्या ओलीत सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे गवत. पावसाळ्यात इथे चपलांना बुरशी येते, कपाटातल्या कपड्यांना येते, मग गवताला का नाही येणार? बाईंचं गवत तिकोणा पेठेतून यायचं. दिवाळीनंतर डोंगरावर कापून वाळवलेलं, पेंड्या बांधलेलं. आणणारे आबा शेतकरी, बाईंच्याच वयाचे, टेम्पोतून स्वतः येत. बाई व्हरांड्यात काळी चादर अंथरत आणि प्रत्येक पेंडी तिच्यावर आपटत. धूळ पडली की पेंडी परत.

"मावशी, लय झ्याक गवत हाये औंदा," आबा म्हणायचे. "आवं, गवतातनं धूळ न्हाई पडनार तर काय मोती पडनार व्हय?"

"मोती पडले तरी परत नेशील. यांना मोतीही सोसणार नाहीत."

"आमची गुरं खात्यात की ह्येच."

"तुझी गुरं तोंडानं श्वास घेऊ शकतात, आबा. ही नाही घेऊ शकत. यांना नाक म्हणजेच सगळं."

आबा यावर दरवेळी मान हलवत आणि परत केलेल्या पेंड्या टेम्पोत टाकत. पण पुढच्या खेपेला आणलेलं गवत पिवळसर हिरवं, कोरडं, गोड वासाचं असे. मला वाटतं, तेही घरी काळी चादर अंथरून बघायला लागले होते.

बाई कधीही स्वतः औषध देत नसत. सोमाटण्याला सशांची जाण असलेले एक डॉक्टर होते. पहिली शिंक ऐकली की बाईंचा त्यांना फोन. "शिंक म्हणजे बातमी," त्या म्हणत. "खरी की खोटी, ते तो ठरवेल." एकेकदा ती गवताची काडी निघे आणि डॉक्टर हसत. बाईंना त्या हसण्याचं काही वाटत नसे. बाकी त्या स्वतः करत ते एवढंच: आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं नाक पुसायचं, डॉक्टरांनी सांगितलेली मिठाच्या पाण्याची वाफ मशीननं द्यायची आणि खाण्यावर लक्ष ठेवायचं. नाक बंद झालं की सशाला वास येत नाही. वास आला नाही की तो खात नाही आणि खाल्लं नाही की त्याचं पोट थांबतं. "नाकाचं दुखणं पोटातून मारतं," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की, मी बँकेत डबा उघडतानाही मला ते आठवायचं.

बाईंना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. तळेगावहून कुणाचा तरी फोन आला होता. सशाला सर्दी झालीय, मुलाचं सर्दीचं अँटिबायोटिक सिरप उरलंय, थोडं देऊ का? बाई उठून उभ्या राहिल्या. "फोन ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "आधी ती बाटली खाली ठेव. ठेवलीस? आता तिला झाकण लाव." मग एकेक शब्द तोडून सांगितलं की, माणसाच्या मुलाला चालणारी काही औषधं सशाच्या पोटात गेली की, त्याचं अन्न पचवणारे जिवाणूच मरतात आणि सर्दी राहते बाजूला, ससाच जातो. "सशाची औषधं वेगळी असतात. ती ओळखणाऱ्या डॉक्टरकडे आत्ता जा. आत्ता म्हणजे चप्पल घालून." फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ डोंगर बघत उभ्या राहिल्या.

वन्संच्या दुखण्याबद्दल मला सांगायचं आहे. वन्सं म्हणजे पांढरीशुभ्र, एकच कान काळा असलेली, अतिशय मानी मादी. ती बाईंकडे आली तेव्हाच तिचं नाक वाहत होतं. औषधानं ते थांबलं, पण डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हा जंतू नाकात दबा धरून राहतो. थंडी, दगदग, ओल, काहीही झालं की पुन्हा डोकं वर काढतो.

त्या पावसाळ्यात काही दिवस धुकं घरात येऊन बसलं होतं. शनिवारी सकाळी बाईंनी एक शिंक ऐकली. डॉक्टरांना फोन झाला, वाफ सुरू झाली, वन्संना वेगळ्या खोलीत हलवलं. आदल्या वेळचं औषध घरात होतं, ते डॉक्टरांनी फोनवरच मोजून सुरू करायला सांगितलं. रविवारी सकाळी वन्संनी थोडं खाल्लं. दुपारी मी अंगणात कपडे काढत होते, तेव्हा बाईंची हाक आली. त्या कधी ओरडत नसत. तेव्हाही ओरडल्या नाहीत. नुसतं "गाडी काढ" म्हणाल्या.

वन्सं खोक्यात बसल्या होत्या, मान वर ताणून, हनुवटी छताकडे करून. नाकपुड्या फाकलेल्या, कुशी भात्यासारख्या हलत होत्या आणि तोंड उघडं होतं. सशाचं तोंड असं उघडं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हिरड्या जांभळट दिसत होत्या.

"तोंडानं घेतायत," मी म्हणाले.

"हो. नाक अगदीच बंद झालं की शेवटी तोंडानं धडपडतात. आता फार वेळ नाही."

डॉक्टरांनी रविवार असूनही दवाखाना उघडून ठेवतो म्हणून सांगितलं. मी एक्स्प्रेस वेनं जाऊ म्हणाले. बाई म्हणाल्या, "जुन्या रस्त्यानं. त्या रस्त्याला वाटेत दारं आहेत." मला तेव्हा याचा अर्थ कळला नाही.

पावसाळ्यातला रविवार. सगळं पुणं लोणावळ्यात भिजून घरी निघालेलं. कार्ला फाट्याच्या अलीकडेच गाड्या थांबल्या. भाजलेल्या कणसांचा धूर, डिझेलचा धूर, मोटारसायकलींवरची ओरडणारी पोरं. बाई मागच्या सीटवर खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वन्संची मान वर राहावी म्हणून त्यांच्या पुढच्या पायांखाली टॉवेलची घडी दिली होती. त्यांना आडवं होऊ द्यायचं नाही, दाबून धरायचं नाही, उलटं तर मुळीच करायचं नाही. आरशात मला बाईंचा चेहरा दिसत होता. त्या अतिशय संथ श्वास घेत होत्या आणि माझ्या लक्षात आलं की, त्यांच्या श्वासातूनही शिट्टी येतेय.

"बाई, तुमचा पंप घ्या ना."

"इथे नको. फवारा यांच्या नाकात जाईल."

"मी गाडी थांबवते, तुम्ही खाली उतरून घ्या."

"खाली उतरले तर खोकं हलेल. बोलू नकोस, पुढे बघ. मी घाबरले तर यांना कळतं. मांडीतून कळतं."

गाडी हातभर सरकायची, थांबायची. धूर आत येऊ नये म्हणून काचा वर घेतल्या तर आत कोंदायचं, खाली केल्या तर धूर. बाईंनी आपला पदर ओला करून काचेच्या फटीला लावला. स्वतःच्या नाकाला नाही.

कामशेत आलं. बाई म्हणाल्या, "थांब."

रस्त्याला लागूनच एक लहानसा दवाखाना होता, माणसांचा. दारात एक वॉर्डबॉय उभा होता, चाळिशीचा, गळ्यात टॉवेल टाकलेला. बाई खोकं घेऊन पायऱ्या चढायला लागल्या तसा तो पुढे झाला. "मावशी, हितं मानसांचं हाये. जनावरांचं न्हाई बगत आमी."

"मीही माणूसच आहे," बाई म्हणाल्या. एका वाक्यात त्यांनी मध्येच दोनदा श्वास घेतला. "आत कुणाला ऑक्सिजन लागतोय का, ते आधी सांग. लागत असेल तर मी बाहेर बसते."

"न्हाई. आता कुनी न्हाई तसं."

"मग मला लाव. मला दमा आहे."

आतून डॉक्टर आल्या. तरुण मुलगी, नुकतीच कामाला लागलेली असावी. बाईंकडे एकदा बघून तिनं त्यांना खाटेवर बसवलं आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा बघून तिचा चेहरा बदलला. तिनं सिलिंडर ओढून आणला, बाईंच्या तोंडावर मास्क चढवला, चावी फिरवली. बाईंनी एक श्वास घेतला. ऑक्सिजन येतोय याची खात्री झाली तसा मास्क काढला आणि वन्संच्या तोंडापुढे, जराशा अंतरावर, दोन्ही हातांनी धरला.

"आजी, काय करताय? मास्क लावा."

"लावलाय की. जिथं लागतो तिथं."

"तुमचा ऑक्सिजन खूप कमी झालाय!"

"माहीत आहे. मी निभावू शकते थोडा वेळ, मला सवय आहे. यांना नाही."

"मी असं नाही करू देऊ शकत," ती मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता, पण तो रागाचा नव्हता, घाबरलेला होता. तिनं मास्ककडे हात नेला.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "बाळ, केसपेपरवर माझं नाव घाल," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला आता वेळ लागत होता. "पेशंट मीच. हा श्वास... माझ्या नावचा आहे ना? मग तो कुणाला द्यायचा, ते... मी ठरवीन."

त्यांचे ओठ निळसर झाले होते. समोर एक बाई बसली होती, जिला आयुष्यभर श्वास पुरला नव्हता, जिचं स्वतःचं गाणं त्यापायी थांबून नुसतं शिकवणं उरलं होतं, आणि आता फुकट मिळालेला भरपूर श्वास ती हातात धरून दुसऱ्याच्या नाकापुढे करत होती. हात अजिबात हलत नव्हता. मांडीवरचं खोकंही नाही.

डॉक्टर वळून म्हणाली, "दादा, आतला छोटा सिलिंडर आणा. आणि नाकात घालायची नळी. आणि ते प्लास्टिकचं कव्हर."

वॉर्डबॉयदादा धावत गेले. छोट्या सिलिंडरची नळी डॉक्टरनं बाईंच्या नाकात बसवली, वाफेचं मशीन लावलं. मग खोक्यावर पारदर्शक प्लास्टिक अर्धवट पसरलं, मोकळी फट राखली आणि बाईंच्या हातातला मास्क काढून घेऊन आतल्या बाजूला टेकवून ठेवला. बाईंनी तो सहज सोडला. मग खाटेवर एकीकडे बाई आणि दुसरीकडे वन्सं, दोघींच्या कुशी वरखाली होत होत्या आणि आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. दारातून एक म्हातारे पेशंट डोकावले. वॉर्डबॉयदादांनी त्यांना हातानंच बाहेर बसवलं.

बऱ्याच वेळानं वन्संनी तोंड मिटलं.

"मिटलं की," वॉर्डबॉयदादा स्वतःशीच म्हणाले. डॉक्टरनं वाकून हिरड्या पाहिल्या. त्या पुन्हा गुलाबी व्हायला लागल्या होत्या. ती मुलगी हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी डोळे उघडले नव्हते, पण त्यांना कळलं असावं. त्यांचा हात खाटेवरून सरकत जाऊन खोक्याला टेकला.

पुढचा रस्ता सुटला होता, तरी सोमाटणं अजून लांब होतं. डॉक्टर बाईंना सोडायला तयार नव्हती आणि बाई थांबायला तयार नव्हत्या. शेवटी वॉर्डबॉयदादाच म्हणाले, "मी जातो संगं. शिलिंडर बी येतो संगंच. वडगावच्या आतनं रस्ता हाये, मला म्हाईत हाये. म्हातारीला आन् सशाला, दोगांला बी पोचवून येतो." डॉक्टरनं सिलिंडरवर किती ठेवायचं ते त्यांना दाखवलं. ते सबंध वाट मागे बसून नळी धरून होते आणि मला रस्ता सांगत होते. "हितं डावीकडं घ्या. आता सरळ. मावशी, झोपू नका हां."

सोमाटण्याचे डॉक्टर दारातच उभे होते. वन्संना ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, इंजेक्शन दिलं, थोड्या स्थिरावल्यावर एक्स-रे काढला. जंतू नाकातून फुप्फुसात उतरला होता. नाकातला स्राव तपासायला पाठवला, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल ते नेमकं कळेल. अनेक आठवडे औषध चालणार होतं. मधेच बरं वाटलं म्हणून थांबवायचं नव्हतं. खात नाहीत तोवर गवताची पूड भिजवून पिचकारीनं भरवायची होती, तोंडाच्या कडेनं, थोडी थोडी. "बऱ्या होतील," डॉक्टर म्हणाले, "पण पूर्ण कधीच होणार नाहीत. हे घर सोडणारं दुखणं नव्हे." मग बाईंकडे वळले. "तुम्ही कधी दाखवणार आहात स्वतःला?"

"यांचं झालं की," बाई म्हणाल्या.

खरंच तेव्हाच दाखवलं. पिचकाऱ्या, वाफ, कापूस, सगळं संपलं आणि वन्सं पुन्हा मानीपणानं पाठ फिरवून बसायला लागल्या, त्यानंतर मी बाईंना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वच्छ सांगितलं की सशांची लव आणि गवताची धूळ त्यांच्या छातीला मुळीच चालणार नाही. एका घरात दोघांनी राहायचं नाही. ससे द्यावे लागतील.

वाटेत मला वाटलं, आज काहीतरी मोडलं. घरी आल्यावर त्या अंगणात उभ्या राहिल्या, घराकडे बघितलं, आउटहाउसकडे बघितलं.

"तुझं सामान किती आहे?" त्यांनी विचारलं.

"का?"

"डॉक्टर म्हणाला, एका घरात दोघांनी राहायचं नाही. इथे दोन घरं आहेत. तू पुढे जा. पुढे हवा खेळते, ऊन येतं, यांना तीच लागते. मी तुझ्या खोल्यांत राहते."

मी हसले. त्या हसत नव्हत्या. त्याच आठवड्यात बाई आपल्याच घराच्या मागे, भाडेकरूच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. एक पलंग, एक तंबोरा, स्वयंपाकाची चार भांडी. मी आणि त्यांचं सासर पुढे, ऐसपैस. शहाणी माणसं याला वेड म्हणाली. मला त्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता, कारण मला रोज सकाळी फरशीवर बसून ऐकायचं काम लागलं होतं आणि ते फार अवघड होतं. सुरुवातीला मला माझाच श्वास ऐकू यायचा. हळूहळू त्याच्या पलीकडचं ऐकू यायला लागलं: मामंजींची घरघर, जी म्हातारपणाची होती आणि चालायची, भावजींचं फुरफुरणं, जे गवत हुंगल्यावर थांबायचं. बाई अंगणापलीकडून खिडकीतून विचारत, मी सांगत असे. मी घाईनं सांगितलं तर त्या म्हणत, "परत ऐक." मी परत ऐकायची.

वन्सं त्यानंतर पुष्कळ जगल्या. अधूनमधून शिंकत, अधूनमधून औषध घेत, पण तोंड पुन्हा कधी उघडलं नाही. मग त्या म्हाताऱ्या झाल्या. एका थंडीत खाणं कमी झालं. सोमाटण्याचे डॉक्टर स्वतः येऊन पाहून गेले. छाती ठीक होती. शरीरच दमलं होतं. दुखू नये म्हणून त्यांनी औषध दिलं आणि आता उगाच कुठे नेऊ नका म्हणाले.

दुपारी मी व्हरांड्यात उन्हात दुलई घालून वन्संना त्यावर ठेवलं. थोड्या वेळानं अंगणाच्या कडेनं बाई आल्या, तोंडाला मास्क लावून, भिंतीला धरत.

"बाई, तुम्हाला लांब राहायला सांगितलंय."

"ते रोजच्यासाठी. आज काही रोजचं नाही."

त्या खाली बसल्या. दोन्ही तळवे वन्संच्या कुशींवर ठेवले. कुशी अगदी सावकाश हलत होत्या. दोन श्वासांमध्ये इतकं अंतर पडत होतं की दरवेळी मला वाटायचं, संपलं. बाई मात्र पुढच्या श्वासाची वाट निवांत बघत होत्या.

"त्रास होतोय का त्यांना?" मी विचारलं.

"तूच ऐक."

मी दुलईवर कान टेकला. वन्संच्या काळ्या कानाची लव माझ्या गालाला लागत होती. मी घरघर शोधली, शिट्टी शोधली, फुरफुर शोधली.

"काहीच ऐकू येत नाहीये," मी म्हणाले.

"बरोबर," बाई म्हणाल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. "नाक मोकळं आहे."

त्यानंतर वन्संनी आणखी थोडे श्वास घेतले. एकाचाही आवाज झाला नाही.